बाप-लेकाने एकाच जोडीत शर्यत करावी का?

खडीचढ

मुलगा तेरा वर्षांचा. गेल्या रविवारी आम्ही दोघांनी माउंटन बाइकची जोडीची शर्यत केली, ३२ किलोमीटर. दोघांनी बरोबर राहायचं आणि मागून येणाऱ्याची वेळ तीच जोडीची वेळ, असा नियम. शेवटच्या चढावर तो सायकलवरून उतरला आणि ढकलायला लागला. मी वर जाऊन उभा, आणि तिथून "चल, चल, अजून दोन जोड्या मागे टाकू" असा ओरडत होतो. शर्यत संपल्यावर दहा मिनिटं त्याने हेल्मेट काढलं नाही. आत रडत होता, हे मला बायकोने सांगितलं. तोवर 'आम्ही बारावे आलो' हे मी तिघांना फोनवर कळवून मोकळा झालो होतो.

बायको म्हणते, जोडी बंद, त्याला त्याच्या वयोगटात एकट्याला खेळू दे. मला वाटतं एका शर्यतीवरून हे सोडू नये. मतं हवी आहेत. फक्त 'मुलालाच विचारा' लिहू नका, विचारलंय. तो म्हणतो, "बाबा, तुम्ही म्हणाल तसं." हे उत्तर ऐकल्यापासूनच झोप उडाली आहे.

निवांत पेडल

वहिनींशी शंभर टक्के सहमत.

जोडीच्या शर्यतीचा प्रकारच मुळात बरोबरीच्या दोघांसाठी आहे. दक्षिण आफ्रिकेतली केप एपिक घ्या. २००४ पासून चालू आहे, आठ दिवसांची, दोघादोघांची. जोडीदारांमधलं अंतर दोन मिनिटांच्या वर गेलं की दंड. जाणती, कसलेली माणसंही तिथे जोडीदारावर चिडतात. तो ताण तुम्ही तेरा वर्षांच्या पोरावर टाकताय, आणि तोही कुणाबरोबर? ज्याला तो उलटून बोलू शकत नाही अशा माणसाबरोबर.

साधा हिशोब करा. मुलाचं वजन ४० किलो आणि सायकल १३ किलोची असेल, तर तो स्वतःच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश लोखंड चढावर नेतो. तुम्ही ७८ किलोचे असाल तर तीच सायकल तुमच्या एक षष्ठांश. म्हणजे तो तुमच्यापेक्षा कमी मेहनत करत नव्हता, दुप्पट ओझं नेत होता. वरून तुम्ही 'चल, चल'.

उतारवेडा

लोखंड नाही हो, ॲल्युमिनियम. (चिडू नका, राहवलं नाही.)

वजनाचा मुद्दा बरोबर, पण त्यावरचा उपाय हलकी सायकल, बापाला हाकलणं नव्हे. लहान मुलांचा दम भराभर जातो तसा भराभर परतही येतो. मोठा माणूस एका जोरदार चढानंतर जेवढा वेळ धापा टाकतो, त्याच्या निम्म्यात पोरं गप्पा मारायला लागतात. चढाच्या माथ्यावर दोन मिनिटं थांबलात की गडी पुन्हा तयार. मी काय करतो सांगू? मुलगी थकलेली दिसली की "माझी चेन उतरली" म्हणून थांबतो. तिचा मान राहतो, दमही परत येतो.

आणि हा खेळ घरातून घरात जातोच. स्वित्झर्लंडचे फ्रिशक्नेश्ट बघा. आजोबा पेटर सायक्लोक्रॉसमधले (चिखलातून, अडथळे आले की सायकल उचलून पळायची शर्यत), मुलगा थॉमसला १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये रौप्य, माउंटन बाइक ऑलिम्पिकमध्ये आली तीच पहिली वेळ. नातू आंद्रीही माउंटन बाइकच्या क्रॉस कंट्रीतच, म्हणजे चढउताराच्या फेऱ्यांच्या शर्यतीत. बापाच्या मागच्या चाकामागे शिकण्यासारखी शाळा नाही.

निवांत पेडल

ज्यांचं जमलं त्यांची नावं आपल्याला पाठ असतात. बापाच्या मागच्या चाकाला कंटाळून ज्यांनी सायकल माळ्यावर टाकली त्यांची यादी कुणी ठेवतं का? आणि अटलांटाचं पदक एकट्याने मारलेल्या शर्यतीचं होतं, जोडीतल्या नव्हे.

चिखलमाखी

मी आई आहे. लेकीबरोबर चार वर्षं जोडीत खेळते, ती बारा वर्षांची असल्यापासून. आता ती माथ्यावर उभी राहून माझी वाट बघते, त्यामुळे दोन्ही बाजू पाहिल्या आहेत.

खडीचढदादा, तुमची चूक ओरडण्यात कमी आणि जागेत जास्त होती. तुम्ही पुढे होतात. पुढच्याला वाटतं आपण आरामात चाललोय, आणि मागचा ते अंतर भरून काढण्यात फुटतो. त्यातून एकेरी वाटेवर पुढचा वळणातून दिसेनासा झाला की मागच्याचा धीर सुटतो. आमचा नियम एकच: चढावर लेक पुढे. ती म्हणेल तो वेग. पहिल्या वर्षी मला इतकं हळू जावं लागायचं की तोल सांभाळताना पायच टेकायचा. तो माझा प्रश्न होता, तिचा नाही.

उतारावर मात्र मी पुढे. कुठून चाक न्यायचं, कुठे ब्रेक सोडायचा, ते तिला माझ्या चाकावरून कळतं.

जुना फोर्क

मुलांना शिकवतो म्हणून लिहितोय. चढाबद्दल चिखलमाखीताईंशी सहमत, उताराबद्दल अजिबात नाही.

उतारावर पालक पुढे असला की मूल वाट बघत नाही, पालकाची पाठ बघतं. तुमच्या वेगाने तुमच्याच रेषेवर येतं. तुमचं चाक दगडावरून गेलं कारण तुमचं वजन आहे आणि सस्पेन्शन दबतं. त्याचं चाक त्याच दगडावर उडतं. त्या वयात हाडांच्या टोकाशी वाढीचा कूर्चेचा भाग अजून मऊ असतो. हातावर पडल्यावर मनगटाची दुखापत तिथे झाली तर हाड नुसतं जुळून भागत नाही, पुढची वाढही बघावी लागते.

मी पोरांना शर्यतीआधी मार्ग पायी चालायला लावतो. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ ला नेदरलँड्सचा मॅथ्यू व्हान डर पूलसारखा कसलेला सायकलपटू एका उडीच्या जागी आपटला, कारण सरावाच्या वेळी उतरायला लावलेली फळी तिथे असेल असं त्याने धरलं होतं. ती नव्हती. त्याचं असं होऊ शकतं, तर 'बाबा गेले म्हणजे वाट बरी असणार' या भरवशावर येणाऱ्या मुलाचं काय?

चिखलमाखी

मग मूल पुढे ठेवलं आणि ते पडलं तर मी त्याच्यावरच जाऊन आदळणार की.

जुना फोर्क

अंतर ठेवा. आणि अंतर ठेवून वेळ जातो असं वाटत असेल, तर आपण पुन्हा बाराव्या क्रमांकावर आलो.

दुसरं चाक

वाचून गप्प बसणार होतो, पण त्या उतरलेल्या चेनने हात शिवशिवले.

मी अशा जोडीतला मुलगा होतो. अकरा ते पंधरा. माझे बाबाही चेन उतरवायचे. उतारवेडा, तुमच्या मुलीला माहीत आहे. सरावाला कधी न उतरणारी चेन शर्यतीत बरोबर मी दमलो की उतरते, हे पहिल्याच वर्षी लक्षात आलं होतं. ते उभे राहून चेनशी खोटं खोटं खेळायचे आणि मी खोटं खोटं पाणी प्यायचो. ओरडणं चाललं असतं त्यापेक्षा. ओरडताना निदान मी जोडीदार असायचो.

सगळ्यात नको असायचा तो परतीचा गाडीतला तास. "त्या ओढ्यापाशी आपली चाळीस सेकंद गेली." आपली म्हणजे माझी. चढ कधीच विसरलो, तो तास नाही.

तरी खेळायला नको होतं का? नाही म्हणवत नाही. पंधरा वर्षांचा असताना एका उतारावर मी त्यांना मागे टाकून खाली येऊन थांबलो होतो. ते आले, काही बोलले नाहीत, माझ्या ब्रेकचे लिव्हर दाबून बघितले फक्त. त्या दिवशी गाडीत रेडिओ लावला.

उतारवेडा

चेनबद्दल घरी विचारलं. "आत्ता कळलं का तुम्हाला?" असं उत्तर आलं. शब्द मागे घेतो. बाकी मत कायम.

खडीचढ

सगळ्यांचे आभार, निवांत पेडल यांचेही, टोचलं तरी.

मी प्रश्न बदलून विचारला. 'जोडी करायची का' ऐवजी 'तू माझ्या जागी असतास तर त्या चढावर काय केलं असतंस'. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी खाली आलो असतो." बस, एवढंच. मला ते सुचलंच नव्हतं. पन्नास पावलांचा चढ होता.

ठरलं ते असं: पुढची शर्यत तो त्याच्या वयोगटात एकटा करणार, बायकोचं म्हणणं. त्यानंतरची जोडीत, पण त्याच्या अटींवर. मी मागे. ढकलायचं तर आधी विचारून. आणि गाडीत रेडिओ, हे मी माझ्याकडून घातलंय.

जुना फोर्क, तुमचं वाचून त्याच्या सायकलचा फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचे धक्के झेलणारा दांडा, तपासला. दांडीवर रबराचं कडं चढवून त्याला नुसतं बसवलं. १०० मिलिमीटरचा फोर्क जेमतेम ८ मिलिमीटर दबला. फोर्कमधली हवा मी माझ्या सायकलीइतकीच भरली होती. म्हणजे पोराने ३२ किलोमीटर जवळजवळ ताठ काठीवर काढले.

जुना फोर्क

२० ते २५ मिलिमीटर दबायला हवा. थोडी थोडी हवा सोडत मोजा, एकदम नको. टायरचीही कमी करा, आणि ब्रेकचे लिव्हर हँडलच्या जवळ आणा, त्याच्या बोटांना पोचतील इतके.

निवांत पेडल

जोडीला माझा विरोध आहेच. पण फोर्कचं कडं कुठलं वापरलंत ते सांगा, भाचीच्या सायकलचं बघायचंय.

खडीचढ

कडं नव्हतंच, केसांचं रबर. बायकोचं.