अंदमान: बोटीच्या दिवशी समुद्र खवळलेला असेल का? लवकर सांगा, मदत हवी आहे

अबोली_०७
आम्ही अंदमानला निघालोय. सगळं बुकिंग झालंय, पैसे भरलेत. काल बाबांनी मोबाइलवर कुठल्याशा ॲपमध्ये बघितलं तर तिथे लाटा २.१ मीटर दाखवतायत. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. आई म्हणते रद्द करा. एजंट म्हणतो, "मॅडम, काही होत नाही, रोज बोटी जातात." मला एवढंच सांगा, २.१ मीटर म्हणजे धोका आहे की नाही? "हवामान खात्याची साइट बघा" असं कृपया कुणी लिहू नका. बघितली. त्यात "मॉडरेट टू रफ" लिहिलंय, त्यावरून काही कळलं नाही. उद्या संध्याकाळपर्यंत एजंटला कळवायचंय.

खाडीकाठ
कधी निघताय? बोट कुठून कुठे? सरकारी की खासगी? बरोबर कोण कोण आहे? एवढं तरी लिहा, त्याशिवाय काय सांगणार.

अबोली_०७
पुढच्या आठवड्यात, नोव्हेंबरअखेर. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, परत पोर्ट ब्लेअर. सगळे हेच करतात ना? बोट खासगी, एसी. मी, नवरा, सहा वर्षांचा मुलगा, आईबाबा. आता सांगा.

पाऊसवेडा
आम्ही जूनमध्ये गेलो होतो, लोकांनी वेड्यात काढलं. पाऊस धो धो, पण बोटी चालू होत्या. हॉटेलं अर्ध्या दरात. राधानगरच्या किनाऱ्यावर मात्र पाण्यात उतरू दिलं नाही, लाटा नुसत्या कोसळत होत्या. तुम्ही नोव्हेंबरअखेर जाताय म्हणजे उत्तम सीझन. बिनधास्त जा.

जुना_खलाशी
पाऊसवेडा, नोव्हेंबर म्हणजे उत्तम हे सरसकट सांगू नका. मी ३१ वर्षं व्यापारी जहाजांवर होतो, बंगालच्या उपसागरातून दोन्ही मोसमांत गेलोय. जूनमध्ये वारा नैऋत्येचा असतो. राधानगर हॅवलॉक बेटाच्या पश्चिमेला, म्हणून तिथे लाट सरळ अंगावर येते. पण पोर्ट ब्लेअर-हॅवलॉक मार्ग दक्षिण अंदमानच्या पूर्वेला आहे, त्याला त्या बेटाचाच आडोसा मिळतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वारा फिरून ईशान्येचा होतो. तेव्हा राधानगर शांत आणि बोटीचा मार्ग उघडा. शिवाय ऑक्टोबर ते डिसेंबर हा उपसागरातल्या चक्रीवादळांचा हंगाम.

अबोलीताई, आता तुमचे २.१ मीटर. अंदाजात जी लाटेची उंची देतात ती सगळ्यात मोठी लाट नसते. लाटांमधल्या सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. म्हणजे २.१ लिहिलं असेल तर बऱ्याच लाटा त्याहून लहान, आणि अधूनमधून एखादी जवळपास दुप्पट. "मॉडरेट" म्हणजे सव्वा ते अडीच मीटर, "रफ" म्हणजे अडीच ते चार. तुमचा आकडा मॉडरेटच्या वरच्या टोकाला आहे. प्रवासी कॅटमरान बोट एवढ्यात बुडत नाही, पण पोट ढवळतं. आणि नुसत्या उंचीवरून काहीच ठरत नाही. दोन लाटांमध्ये किती सेकंद जातात ते बघा. २ मीटरची लाट १२ सेकंदांनी येत असेल तर बोट पाळण्यासारखी वरखाली होते. तीच ५-६ सेकंदांनी आली तर बडवून काढते. ॲपमध्ये तो आकडाही असतो. आणि बाबांनी नकाशावर नेमकं कुठे बोट ठेवलं होतं?

अबोली_०७
बाबांनी अंदमान असं टाइप केलं. कुठे म्हणजे?

नकाशेवाला
तेच तर. नुसतं "अंदमान" टाकलं की बिंदू कुठेही पडतो, कदाचित पश्चिमेच्या उघड्या समुद्रात. विंडी नावाचं ॲप उघडा, लाटांचा थर निवडा, हॅवलॉक आणि पोर्ट ब्लेअरच्या मधोमध टिचकी मारा. अंदाजाचं मॉडेल युरोपियन ठेवा, अमेरिकन नको. मी गेली चार वर्षं सगळ्या ट्रिपा यावरच आखतो, एकदाही फसलो नाही.

हरणैकर
ॲपं कशाला हवीत? आमच्या हरणैला आजोबा तिथी बघून सांगायचे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती. भांगात समुद्र नरम असतो. भांगाचे दिवस बघून बोटीत बसा.

जुना_खलाशी
हरणैकर, तुमच्या आजोबांचा हिशोब आपल्या किनाऱ्याला चोख बसतो, मीही तो लहानपणी शिकलो. पण पोर्ट ब्लेअरला नाही चालत, तिथल्या भरतीच्या वेळा वेगळ्या. आणि मुख्य म्हणजे भरती-ओहोटी चंद्रावर, लाटा वाऱ्यावर. भांगाच्या दिवशीही वारा सुटला तर समुद्र खवळतोच. नकाशेवाला, तुमच्या ॲपबद्दल माझी तक्रार नाही, पण आज आठ-दहा दिवसांपुढचा आकडा बघून तिकीट रद्द करायचं की नाही ते ठरवू नका. चार-पाच दिवसांपलीकडे लाटांचा अंदाज फार हलतो. सकाळी २.१, संध्याकाळी १.४.

हरणैकर
वाऱ्याचं मलाही कळतं. बंदरावर तीन नंबरचा इशाऱ्याचा बावटा लागला की आमच्याकडे होडी निघत नाही. तिथेही बावटा लावत असतीलच की.

जुना_खलाशी
लावतात. बावट्यांची पद्धत देशभर तीच आहे. इथे आपलं एकमत.

इतिहासप्रेमी_सातारा
एक विनंती. हॅवलॉक नव्हे, स्वराज द्वीप. नील नव्हे, शहीद द्वीप. २०१८ च्या डिसेंबरात नावं बदलली. नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला तो दिवस ३० डिसेंबर १९४३, त्याला ७५ वर्षं झाली तेव्हा. आणि पोर्ट ब्लेअर आता श्री विजयपुरम, २०२४ पासून. हेन्री हॅवलॉक हा १८५७ चा उठाव चिरडणारा सेनानी. त्याचं नाव आपण का घ्यायचं? सेल्युलर जेलला जालच. संध्याकाळच्या कार्यक्रमाआधी दिवसाउजेडी सावरकरांची कोठडी शांतपणे बघा, तिसऱ्या मजल्यावर.

खाडीकाठ
नावांचं पटतं. पण तिकिटावर, जेट्टीवर, रिक्षावाल्याच्या तोंडी अजून दोन्ही नावं चालतात. धागा लाटांवर राहू दे.

लक्षद्वीपवेडी
मी म्हणेन अंदमान सोडा, लक्षद्वीप करा. प्रवाळाच्या कंगोऱ्याच्या आत पाणी तळ्यासारखं असतं. आई-बाबांना काही त्रास नाही.

अबोली_०७
अहो, पैसे भरलेत!! लक्षद्वीप कुठून आणू? मला नुसतं हो की नाही हवं होतं.

फॅमिली_डॉक्टर
समुद्राचं मला कळत नाही, उलटीचं कळतं. आईबाबांची वयं काय? काही औषधं चालू आहेत का? मुलाचं वजन?

अबोली_०७
आई ६६, बाबा ७३. आईला बीपी. बाबांना प्रोस्टेटची गोळी चालू आहे, पण त्याचा बोटीशी काय संबंध? मुलगा १९ किलो. सासूबाईंनी अवोमिनची अख्खी स्ट्रिप दिलीय, सगळ्यांना देणार आहे.

फॅमिली_डॉक्टर
संबंध आहे, म्हणूनच विचारलं. अवोमिनच्या जातीच्या औषधांनी प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडू शकते. काचबिंदू असेल तरीही जपून. म्हाताऱ्या माणसांना गुंगी येते, आणि जेट्टीच्या ओल्या पायऱ्यांवर गुंगी नको. बाबांच्या डॉक्टरांना फोन करून विचारा, मगच द्या. मुलाचा डोस बालरोगतज्ज्ञ वजनावरून ठरवतील, गोळीचे तुकडे करून अंदाजाने देऊ नका. ज्यांना चालते त्यांनी निघण्याच्या दोन तास आधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उलटीबरोबर बाहेर येते.

सुगरण_कोल्हापूर
आलेपाकाची वडी गालात धरायची. रिकाम्या पोटी बसायचं नाही, तेलकटही खायचं नाही. दोन इडल्या, बस्स. मी चिवड्याचा डबा नेला होता, वास आल्याबरोबर शेजारच्या बाई सुरू झाल्या.

नऊ_वर्षं_बेटावर
धागा आत्ता बघितला. नोकरीनिमित्त नऊ वर्षं पोर्ट ब्लेअरला काढली. अबोलीताई, अजून एक गोष्ट कुणी विचारली नाही. परतीचं विमान कधी आहे, आणि त्याच्या आदल्या रात्री मुक्काम कुठे?

अबोली_०७
३० तारखेला दुपारी १:१० चं. आदल्या रात्री नीलला. ३० ला सकाळच्या बोटीने येऊन थेट विमानतळ. एजंट म्हणाला वेळ पुरतो.

नऊ_वर्षं_बेटावर
हे बदला. आजच बदला. तुमचा खरा धोका इथे आहे. २.१ मीटर लाटेने फार तर तासभर उलट्या होतील. पण वारा वाढला तर बोट सुटणारच नाही, आणि ते तुमचा एजंट ठरवत नाही, बंदरावरून हुकूम येतो. नीलहून पोर्ट ब्लेअरला पूल नाही, रस्ता नाही.

डिसेंबर २०१६ मध्ये मी तिथे होतो. उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, पुढे त्याचंच वरदा वादळ झालं आणि १२ डिसेंबरला चेन्नईवर आदळलं. आमच्याकडे असताना ते वादळसुद्धा नव्हतं, पण पाऊस-वाऱ्याने बोटी बंद झाल्या. हॅवलॉक आणि नीलवर सुमारे १४०० पर्यटक अडकले. शेवटी नौदलाची जहाजं पाठवून त्यांना आणलं. जेट्टीवर उतरणारी माणसं मी बघितलीत. पायात स्लिपर, हातात प्लास्टिकच्या पिशवीत ओले कपडे, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न, "आमच्या तिकिटाचं काय?" जिवाला कुणाच्या धक्का लागला नव्हता, पण विमानं केव्हाच गेली होती.

मार्च २०२२ मध्येही तेच. असनी नावाचं वादळ येणार म्हणून नाव तयार होतं. ते वादळ झालंच नाही, नाव पुढे मे महिन्यात दुसऱ्याला गेलं. पण त्या दिवसांत आमच्या बोटी बंदच होत्या.

म्हणून क्रम उलटा करा. उतरल्यावर पोर्ट ब्लेअरला थांबू नका. आधी हॅवलॉक, मग नील, आणि शेवटचे दोन दिवस पोर्ट ब्लेअर. सेल्युलर जेल, रॉस, चिडिया टापू सगळं शेवटी. एखादी बोट रद्द झाली तरी एक दिवस हाताशी राहतो.

पाऊसवेडा
तुम्ही फार घाबरवताय. माझ्या ओळखीत दहा कुटुंबं अशीच नीलहून थेट विमानाला गेली.

नऊ_वर्षं_बेटावर
दहाही नीट गेली असतील. बहुतेक दिवशी बोट सुटतेच. पण ज्या दिवशी सुटत नाही त्या दिवशी पाच विमानतिकिटं नव्याने काढावी लागतात, तीही सगळे अडकलेले एकाच वेळी काढत असताना. ७३ वर्षांचे वडील आणि लहान मूल बरोबर घेऊन मी तो जुगार खेळणार नाही.

जुना_खलाशी
पूर्ण सहमत, हे मीच आधी विचारायला हवं होतं. आता कुठे काय बघायचं ते. एक, हवामान खात्याचं बंगालच्या उपसागराचं रोजचं चक्रीवादळविषयक पत्रक. पुढच्या सात दिवसांत कमी दाबाचं क्षेत्र तीव्र होण्याची शक्यता किती ते त्यात स्पष्ट लिहितात. ते कोरं असेल तर निम्मी चिंता गेली. दोन, हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा सागरी अंदाज. त्यात अंदमानची बेटं वेगळी काढून लाट, फुगवटा (दुरून येणारी लांब लाट) आणि वारा देतात. हे दोन्ही निघायच्या तीन दिवस आधीपासून बघा, आज नको.

बोटीत कसं वाटेल तेही सांगतो. वारा ईशान्येचा धरला तर हॅवलॉकला जाताना लाट जवळपास समोरून, बोट नाक आपटत जाईल. दीड तास. हॅवलॉकहून नीलला लाट कुशीवर, बोट डुलेल. उलट्या तिथेच जास्त होतात, पण अंतर तासाभराचं. नीलहून परतताना लाट मागून, सगळ्यात सोपं. बसायची जागा मधली आणि मागच्या बाजूची, खालच्या मजल्यावर. पहिली रांग टाळा, पुढच्या काचेतून छान दिसतं म्हणून लोक तीच मागतात. आणि मोबाइल खिशात, नजर क्षितिजावर.

अबोली_०७
एजंटशी भांडले. आधी नाही म्हणाला, मग पाच जणांचे मिळून ३८०० जादा घेऊन क्रम बदलून दिला. शेवटच्या दोन रात्री पोर्ट ब्लेअर. बाबांच्या डॉक्टरांनी अवोमिन नको म्हणून सांगितलं, त्यांना दुसरं लिहून दिलंय. चिडून लिहिलं त्याबद्दल सॉरी, घरातून सगळे डोक्यावर बसले होते.

हरणैकर
नीलला दगडाची नैसर्गिक कमान आहे ना, ती ओहोटीलाच बघता येते. तिथे तरी भरतीचं कोष्टक लागेल बघा. हॉटेलात विचारून घ्या.

अबोली_०७
परत आलो. ज्यांनी वेळ दिला त्यांच्यासाठी लिहिते. बोट एकही रद्द झाली नाही. जाताना लाट १.३ मीटर होती, तरी हॅवलॉकजवळ नाक आपटायला लागली तेव्हा काचेवर एवढं पाणी आलं की बाहेरचं काही दिसेना, नुसते मिठाचे पांढरे ओघळ. पोरगा हसत होता. बोटीवरचा मुलगा न विचारता रांगेरांगेतून पिशव्या वाटत गेला. आईला नीलच्या वाटेवर दोनदा उलटी झाली, बाबांना काहीच नाही. राधानगरला पाणी खरंच तळ्यासारखं होतं, आई गुडघाभर पाण्यात अर्धा तास उभी राहिली. कमानीपाशी हॉटेलवाल्याने सांगितलेल्या वेळेला गेलो, सकाळी लवकर. खडकांच्या डबक्यांत निळे मासे अडकलेले होते, बाबा तिथून हलेचनात. ३० ला सकाळी पोर्ट ब्लेअरला पाऊस आणि वारा होता. त्या दिवशी बोटी सुटल्या की नाही ते मी विचारलंच नाही. आम्ही हॉटेलात पोहे खात होतो.

जुना_खलाशी
छान. १.३ ला सेकंद किती दाखवत होतं?

अबोली_०७
बाबांनी लिहून ठेवलंय. सहा.

जुना_खलाशी
म्हणूनच आपटली.