क्राइस्टचर्च खरंच लोकांनी उभं केलं का?

प्लॅनिंगची_विद्यार्थिनी:
भूकंपानंतरच्या पुनर्बांधणीवर प्रेझेंटेशन आहे, न्यूझीलंडचं क्राइस्टचर्च घेतलंय. २२ फेब्रुवारी २०११ चा भूकंप, १८५ माणसं गेली, मग महापालिकेने 'शेअर ॲन आयडिया' मोहीम काढली आणि लाखाच्या वर सूचना आल्या, इथपर्यंत ठीक. पण पुढे त्या सूचनांचं झालं काय? लोकांनी शहर बांधलं म्हणायचं की लोकांना नुसतं विचारलं?

नकाशेवाला:
विचारलं मनापासून, पण निर्णय हातात दिला नाही. लोकांना बसक्या इमारती, झाडं, मोकळा नदीकाठ हवा होता, महापालिकेच्या आराखड्यात ते बरंचसं आलंही. मग २०१२ ला केंद्र सरकारने आपलं वेगळं युनिट बसवलं आणि १०० दिवसांत नवा आराखडा काढला, त्यात स्टेडियम, कन्व्हेन्शन सेंटर वगैरे. उंचीची मर्यादा आणि नदीकाठ टिकला, हे मान्य करायला हवं.

रिकामा_प्लॉट:
आराखड्यातच अडकू नकोस, गॅप फिलर नावाचा तिथला गट बघ. पाडलेल्या इमारतींच्या जागा ओसाड पडल्या होत्या, तिथे ही मंडळी तात्पुरतं काहीतरी उभं करायची. माझं आवडतं म्हणजे डान्स-ओ-मॅट: लाँड्रीतलं नाणं टाकून चालणारं जुनं वॉशिंग मशीन, त्यात दोन डॉलर टाकायचे, आपला फोन जोडायचा, की लाइट आणि स्पीकर सुरू आणि समोर नाचायला फ्लोअर, कारण शहरात नाचायच्या जागाच उरल्या नव्हत्या! आणि कॉलेजची पोरं फेसबुकवरून जमून फावडी घेऊन लोकांच्या अंगणातला चिखल उपसत होती, जमिनीतून वर आलेला गाळ होता तो.

खडूस_काका:
नाचा हो, पण घराचं काय? रेड झोनमधली, म्हणजे जिथली जमीन पुन्हा घरं बांधायला अयोग्य ठरवली तिथली, ८ हजारच्या आसपास घरं सरकारने विकत घेऊन पाडली, तिथे राहायचं की नाही हे राहणाऱ्यांना कोणी विचारलं? आणि बाकीच्यांची विम्याची भांडणं वर्षानुवर्षं चालली. स्लाइडवर हे पण टाक, नुसते रंगीत फोटो नकोत.

नकाशेवाला:
काकांशी सहमत. जमल्यास जोडीला १९९५ च्या भूकंपातलं जपानचं कोबे शहर घे, तिथला मानो भाग. तिथले रहिवासी भूकंपाच्या कितीतरी वर्षं आधीपासून कारखान्यांच्या प्रदूषणाविरुद्ध एकत्र आलेले, त्यामुळे आग लागली तेव्हा विझवायला कोण कुठे धावणार हे शोधत बसावं लागलं नाही.

प्लॅनिंगची_विद्यार्थिनी:
अरे वा, मग मानोपासूनच सुरुवात करते. काका, रेड झोनची स्लाइड नक्की.