सडपातळ मधुमेहींनी वजन कसे वाढवले? नागपूरकरांचे अनुभव

मधुमेह झाल्याचे कळले की पहिला सल्ला मिळतो तो वजन कमी करण्याचा, आणि बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत तो योग्यही असतो. परंतु आपल्या शहरात अशीही पुष्कळ माणसे आहेत, ज्यांचे वजन मुळातच कमी आहे किंवा आजारात उतरले आहे, आणि त्यांनाही भेटणारा प्रत्येक जण भात सोडा, तेल सोडा, रात्रीचे जेवण सोडा असेच सांगत असतो. दुसऱ्या बाजूला घरची मंडळी ‘किती खंगलास’ म्हणून खीर आणि लाडू पुढे करतात. हे दोन्ही सल्ले अशा रुग्णाला अपायकारक आहेत. म्हणून रक्तातील साखर आटोक्यात ठेवून ज्यांनी स्वतःचे किंवा घरातल्या कोणाचे वजन वाढवले, त्यांनी येथे सविस्तर लिहावे, ही विनंती. काय खाल्ले, कोणत्या तपासण्या झाल्या, साखरेवर काय परिणाम दिसला, हे अवश्य सांगावे. औषधांची मात्रा मात्र लिहू नये, कारण ती प्रत्येकाची वेगळी असते.

संदर्भासाठी एवढेच नोंदवतो की भारतीयांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, १८.५ ते २२.९ योग्य मानला जातो, म्हणजे १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन साधारण ४७ किलोच्या खाली गेले तर ते कमीच समजावे.

महालातून, एक निवृत्त शिक्षिका

माझे वजन उतरू लागले तेव्हा माझी भूक कमी झालेली नव्हती. उलट ती वाढली होती. दोन्ही वेळा पोटभर जेवूनही ब्लाउज सैल होत होते आणि जिना चढताना मांड्या भरून येत होत्या. तपासणीत उपाशीपोटीची साखर फार वाढलेली निघाली. डॉक्टरांनी मला जे समजावून सांगितले ते प्रत्येक कृश मधुमेहीला माहीत असावे असे मला वाटते. रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडे ती अडवू शकत नाहीत आणि ती लघवीवाटे वाहून जाते. शिवाय इन्सुलिन अपुरे पडले की आत असलेली साखरही पेशींना वापरता येत नाही, म्हणून शरीर आपलीच चरबी आणि आपलेच स्नायू मोडून इंधन मिळवते. अशा स्थितीत खाणे वाढवले तर लघवीतून जाणारी साखर वाढते, वजन वाढत नाही.

त्यामुळे मला आधी आहार नव्हे, तर इन्सुलिन देण्यात आले. इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी, असे शेजारपाजारच्या सर्वांनी मला सांगितले होते. प्रत्यक्षात साखर आटोक्यात येताच त्याच जेवणावर माझे वजन हळूहळू भरू लागले, रात्री लघवीसाठी उठणे थांबले आणि झोप लागू लागली. माझ्या पुढच्या एचबीएवनसीच्या, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीच्या, आधीच मला हा फरक अंगावर जाणवत होता. ज्यांचे वजन घटते आहे आणि साखरही चढी आहे, त्यांनी वजन वाढवण्याच्या पाककृती शोधण्यापूर्वी साखरेचा बंदोबस्त करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रतापनगरातून, सासऱ्यांचे पथ्य सांभाळणारी सून

आमच्या बाबांचे वय पंच्याहत्तरच्या पुढे आहे. त्यांची साखर गोळ्यांवर व्यवस्थित होती, पण पथ्याच्या नावाखाली त्यांचे ताट इतके आक्रसले होते की एक पोळी, पातळ वरण आणि दुधी भोपळ्याची भाजी एवढ्यावर ते दिवस काढत. साखरेचा कागद उत्तम आणि माणूस मात्र खुर्चीवरून हाताचा आधार घेतल्याशिवाय उठू शकत नाही, अशी अवस्था होती. आहारतज्ज्ञांनी त्यांच्या दिवसभराच्या खाण्यातली प्रथिने मोजली, तेव्हा ती गरजेच्या निम्म्यावरच भरली. निरोगी प्रौढाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, असे आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) सांगते; स्नायू झिजलेल्या वृद्धांना बहुधा १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. मात्र तत्पूर्वी त्यांचे क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासून घेण्यात आले, कारण मूत्रपिंडे कमकुवत असतील तर हे प्रमाण बदलते.

मी बाहेरून काहीही विकत आणले नाही. आपल्या वैदर्भीय स्वयंपाकात या कामाच्या वस्तू भरपूर आहेत, फक्त मधुमेह आला की आपण त्याच आधी बंद करतो. बाबांची सकाळ आता मुगाच्या धिरड्याने सुरू होते आणि त्यात किसलेले पनीर असते. अकरा वाजता मूठभर फल्लीदाणे (शेंगदाणे) आणि फुटाणे. तीस ग्रॅम फल्लीदाण्यांतून सुमारे १७० कॅलरी आणि सात ग्रॅमहून अधिक प्रथिने मिळतात आणि साखर फारशी हलत नाही. दुपारी ज्वारीची भाकर, तिच्यासोबत घट्ट झुणका किंवा बरबटीची (चवळीची) उसळ, जवसाची चटणी आणि चटणीवर चमचाभर कच्चे फल्लीतेल. तेलाच्या एका लहान चमच्यात ४५ कॅलरी असतात. प्रथिने आणि पिष्टमय पदार्थांच्या एका ग्रॅममधून चार कॅलरी मिळतात, तर स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅममधून नऊ. ज्याचे पोट लवकर भरते, अशा वृद्धासाठी हा फरक फार मोलाचा आहे. हिवाळ्यात तुरीचे सोले येतात तेव्हा सोलेभाजी वरचेवर होते. भात बंद केलेला नाही. गोळाभात करताना तांदूळ कमी आणि बेसनाचे गोळे जास्त, एवढाच बदल केला.

दोन गोष्टींचा विशेष उपयोग झाला. पहिली म्हणजे जेवणातला क्रम: आधी भाजी आणि वरण किंवा झुणका, नंतर भाकर, शेवटी भात. तेच पदार्थ या क्रमाने खाल्ले की जेवणानंतरची साखर कमी चढते, हे आम्ही घरच्या ग्लुकोमीटरवर पाहिले. दुसरी म्हणजे एकाच वेळी ताट वाढवण्याऐवजी खाण्याच्या वेळा वाढवणे. झोपण्यापूर्वी एक पेला बिनसाखरेचे दूध हीदेखील त्यातलीच एक वेळ. वजन सावकाश वाढले, आणि डॉक्टरांनाही तेच हवे होते. आज बाबा हात न टेकता खुर्चीवरून उठतात, आणि मला वजनकाट्यापेक्षा त्याचाच अधिक आनंद आहे.

मनीषनगरातून, एक नोकरदार तरुण

वरील अनुभवाला मी व्यायामाची जोड देऊ इच्छितो. तिशीत मधुमेहाचे निदान झाले, तेव्हा मी आधीच हडकुळा होतो. प्रथम जेथे दाखवले तेथे टाइप टू समजून गोळ्या मिळाल्या आणि रोज तासभर भरभर चालण्यास सांगण्यात आले. साखर थोडी उतरली, पण वजन आणखी घटले. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते ते सांगणारी) आणि जीएडी अँटिबॉडी (प्रतिकारशक्ती स्वादुपिंडावर उलटली आहे का ते सांगणारी) या तपासण्या करवल्या. स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे माझे इन्सुलिन हळूहळू संपत चालले होते. या प्रकाराला लाडा म्हणतात आणि त्यात आज ना उद्या इन्सुलिन लागतेच. घरात कोणाला मधुमेह नसताना, वजन कमी असताना आणि गोळ्यांचा जोर लवकर ओसरत असताना या तपासण्यांविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे.

इन्सुलिन सुरू झाल्यावर मी जिममध्ये वजने उचलण्यास सुरुवात केली. केवळ खाणे वाढवले तर वाढलेले वजन पोटावर जाते, आणि पोटावरची चरबी इन्सुलिनचा परिणाम कमी करते. स्नायू मात्र रक्तातील साखर ओढून घेतात आणि साठवतात, म्हणून वाढलेल्या वजनातला स्नायूंचा वाटा जितका मोठा, तितकी साखर सांभाळणे सोपे जाते. आठवड्यातून दोन ते तीन वेळा, मध्ये एखादा दिवस सोडून, उठाबशा, जोर आणि डंबेल एवढा व्यायाम पुरेसा आहे. अंबाझरीचे फिरणे मी सोडलेले नाही, परंतु ते जेवणानंतर थोडा वेळ, साखर उतरवण्यापुरतेच ठेवले आहे. डोळ्यांच्या पडद्याला मधुमेहाची इजा झालेली असेल, तर जड वजने उचलण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञांची परवानगी आवश्यक आहे. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर व्यायामानंतर उतरू शकते. ती ७० च्या खाली गेल्यास १५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. त्या वेळी पेढा किंवा चॉकलेट कामाचे नाही, कारण त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते.

जिममधल्या ‘मास गेनर’ पावडरींविषयी स्पष्ट लिहितो. त्यांतील बऱ्याच डब्यांत प्रथिनांपेक्षा माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून बनवलेली पूड, अधिक असते आणि ते साखरेइतक्याच वेगाने रक्तात उतरते. डब्याची मागची बाजू वाचावी. शंभर ग्रॅम सुक्या सोयाबीन वड्यांत सुमारे ५० ग्रॅम प्रथिने आणि एका अंड्यात सहा ग्रॅम. माझे काम त्यावर भागले.

इतवारीतून, एक व्यापारी

माझी साखर औषधांवर स्थिर होती, तरी वजन घटत राहिले आणि संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला. छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी केल्यावर क्षयरोग निघाला. मधुमेहींना क्षयाचा धोका इतरांच्या दोन ते तीन पट असतो. क्षयाच्या औषधांतील रिफाम्पिसिनमुळे मधुमेहाच्या काही गोळ्यांचा असर कमी होतो, म्हणून उपचाराच्या काळात माझी साखर अधिक काटेकोरपणे पाहिली गेली. क्षयरुग्णांना निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये मिळतात. ज्यांना गरज आहे त्यांनी संकोच करू नये. रोग हटत गेला तशी भूक परतली आणि वजनही.

त्रिमूर्तीनगरातून, पॅथॉलॉजीत काम केलेले गृहस्थ

साखर ठीक आणि वजन कमी, अशा वेळी थायरॉइडही पाहावे, कारण त्याचा स्राव वाढला तर वजन उतरते आणि साखर चढते. शौच तेलकट, फिके आणि पाण्यावर तरंगणारे असेल, तर स्वादुपिंडाची पाचकद्रव्ये कमी पडत असण्याची शक्यता असते; मग कितीही तूप खाल्ले तरी ते अंगी लागत नाही. चाळिशी-पन्नाशीनंतर अचानक मधुमेह आणि सोबत झपाट्याने वजन घटणे, पाठीत किंवा पोटात दुखणे, हे असेल तर विलंब न करता पोटाची तपासणी करून घ्यावी. मधुमेहाच्या गोळ्यांपैकी डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात व वजन कमी करतात. मेटफॉर्मिननेही काहींची भूक मंदावते. आपण होऊन औषध थांबवू नये, पण ‘माझे वजन वाढायला हवे आहे’ हे वाक्य डॉक्टरांसमोर उच्चारावे, कारण तसे सांगितल्याशिवाय ते औषध बदलण्याचा विचार करतीलच असे नाही.

धरमपेठेतून, एक निवृत्त परिचारिका

बालपणी उपासमार सोसलेल्या कृश तरुणांत दिसणारा मधुमेह मी वॉर्डात पाहिला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये कुपोषणाशी निगडित मधुमेहाला वेगळे स्थान दिले होते, १९९९ मध्ये ते काढून टाकले, आणि २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला ‘टाइप फाइव्ह’ म्हणून मान्यता दिली. या रुग्णांत इन्सुलिन कमी तयार होते, पण लाडासारखा प्रतिकारशक्तीचा हल्ला नसतो. त्यांना मोठ्या मात्रेत इन्सुलिन दिले आणि पोटात पुरेसे अन्न नसले तर साखर धोकादायकरीत्या उतरते. अशा माणसाला ‘कमी खा’ असे सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते. त्याचा उपचार औषध आणि पोटभर सकस अन्न, असा दोन्ही मिळूनच होतो.

सक्करदऱ्यातून, एक गृहिणी

नागपूरच्या उन्हाळ्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. पारा ४५ च्या आसपास गेला की माझी भूक मरते, आणि हिवाळ्यात कमावलेले वजन मे महिन्यात निघून जाते. त्या काळात मी जेवणाचा भार पहाटे आणि रात्री उशिरावर टाकते आणि दुपारी पातळ पदार्थांतून पोषण घेते: घट्ट दह्याचा मठ्ठा, ताकातली ज्वारीची अंबील, सातूच्या जागी फुटाण्याचे पीठ कालवलेले ताक. पन्हे, सरबत आणि उसाचा रस टाळते. संत्र्यांच्या दिवसांत रसाऐवजी अख्खे संत्रे, तेही फल्लीदाण्यांसोबत खाते. पाणी कमी पडले तरी साखर चढते, याची आठवण घरच्यांनाही करून दिलेली आहे.

उष्णतेने इन्सुलिनचाही कस जातो. न उघडलेले इन्सुलिन दोन ते आठ अंशांत, फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवावे. वापरातले इन्सुलिन साधारण चार आठवडे घरच्या तापमानात चालते, पण ते तापमान तिशीच्या आत हवे, आणि आपल्याकडे मे महिन्यात घरात तसे नसते. वीज गेली की मी ओल्या वाळूवर ठेवलेल्या मातीच्या भांड्यात ते कोरड्या डबीत बंद करून ठेवते. गाडीच्या डिकीत ते कधीही ठेवू नये. वजन मी आठवड्यातून एकदा, सकाळी, काही खाण्यापूर्वी करते आणि त्याच वहीत त्या आठवड्याची जेवणानंतरची साखर लिहिते. पहिल्या घासापासून दोन तासांनी ती १८० च्या आत राहिली, तर पुढच्या आठवड्यात एक पदार्थ वाढवते. त्याहून वर गेली तर वाढवलेला पदार्थ बदलते आणि ती वही पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवते.