चाईवर लेझरचा खरोखर उपयोग होतो का?

प्रश्न:
माझ्या धाकट्या बहिणीच्या डोक्यावर गेल्या पाच महिन्यांत चाईचे तीन चट्टे पडले आहेत. त्वचारोगतज्ज्ञांनी चट्ट्यांत ट्रायॅमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शने सुचवली आहेत, परंतु तिला सुईची फार भीती वाटते. एका केशोपचार केंद्राने लाल प्रकाशाच्या लेझर हेल्मेटने तीन महिन्यांत केस येण्याची हमी दिली आहे. ती मानावी का?

उत्तर १:
हमीवर विसंबून पैसे भरू नयेत, ही कळकळीची विनंती. लेझर या एकाच नावाखाली दोन निराळे उपचार येतात. लाल प्रकाशाच्या उपकरणांपैकी एका कंगव्याला अमेरिकेत २००७ साली परवानगी मिळाली, ती आनुवंशिक टकलासाठी, चाईसाठी नव्हे. चाईत शरीराच्याच टी-पेशी, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, केसांच्या मुळांवर हल्ला करतात. त्यावर वापरतात तो एक्सायमर लेझर ३०८ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश देतो, ज्यामुळे त्या जागेतील टी-पेशी मरतात; सोरायसिस आणि कोड यांवरही तोच वापरतात. मोजक्या चट्ट्यांवर त्याचा गुण येऊ शकतो, मात्र संपूर्ण डोक्याचे केस गेले असल्यास फारशी आशा ठेवता येत नाही, आणि आजवरचे बहुतेक अभ्यास थोड्याच रुग्णांवर झालेले आहेत.

उत्तर २:
मी हा एक्सायमर लेझर आठवड्यातून दोनदा, असा तीन महिने घेतला. त्वचा लाल होऊन दोन दिवस चुरचुरत असे. दहाव्या आठवड्यात पांढरी लव दिसली, पुढे ती काळी झाली, आणि त्या दिवशी मी आरशासमोर रडले. तरीही एक गोष्ट सांगितलीच पाहिजे: कानामागच्या ज्या चट्ट्यावर लेझर दिलाच नव्हता, तिथेही त्याच सुमारास केस आले. त्यामुळे श्रेय कोणाला द्यावे, हे मला आजही ठरवता येत नाही.

उत्तर १:
आपला हा अनुभव फार मोलाचा आहे. चाईत मूळ नष्ट होत नाही, म्हणून मर्यादित चट्टे असलेल्या अनेकांना वर्षभरात उपचारांविनाही केस येतात आणि हेल्मेटवाल्यांना त्याचे श्रेय आयते मिळते. प्रश्नकर्त्या ताई, इंजेक्शनापूर्वी बधिर करणारे मलम लावता येते, हे बहिणीला अवश्य सांगा. आणि थायरॉईडची तपासणी करावी का, तेही डॉक्टरांना विचारा.

प्रश्नकर्ती:
मलमाचे आम्हाला कोणीच सांगितले नव्हते. हेल्मेटची आगाऊ रक्कम भरायची होती, ती आता भरत नाही. शनिवारी तिला पुन्हा डॉक्टरांकडे नेते आणि एक्सायमरबद्दलही विचारते.