मदत हवी आहे : स्नायूंशी संबंधित वैद्यकीय संज्ञा समजून घेण्यासाठी

नमस्कार. माझ्या आईच्या मांडीचे स्नायू दुखत असल्याने तिची रक्ततपासणी झाली आहे आणि तो अहवाल मला तिला मराठीत नीट समजावून सांगायचा आहे. त्यात ‘क्रिएटिन कायनेज’ आणि ‘क्रिएटिनिन’ हे शब्द एकाखाली एक छापलेले असून, ती दोन्हींवर बोट ठेवून “हे एकच ना?” असे विचारते. माझ्या वाचनानुसार पहिले स्नायूंतील विकर (एन्झाइम) आहे, जे स्नायूंना इजा झाल्यावर रक्तात वाढते. दुसरे स्नायूंतील क्रिएटिन या द्रव्याच्या विघटनातून तयार होणारे उत्सर्ज्य द्रव्य असून ते मूत्रपिंडे बाहेर टाकतात, म्हणून त्यावरून मूत्रपिंडांच्या कार्याचा अंदाज येतो. एवढा फरक सांगणारे सोपे मराठी शब्द कोणी सुचवू शकेल का?

खरी अडचण मात्र ‘पेशी’ या शब्दाची आहे. आज मराठीत पेशी म्हणजे सजीवाचा सूक्ष्म घटक. पण सुश्रुतसंहितेतील ५०० पेशी म्हणजे स्नायू, तर तिथल्या ९०० ‘स्नायु’ म्हणजे सांधे बांधून ठेवणारे तंतू. त्यामुळे जुने आयुर्वेदीय विवेचन आणि आजचे शरीरशास्त्र शेजारी ठेवून वाचले की अर्थ उलटेपालटे होतात. ‘द्विशिरस्क’सारखी संज्ञा त्यामानाने सोपी आहे, कारण दंडाच्या त्या स्नायूचा उगम दोन शिरांनी (म्हणजे दोन डोक्यांनी) होतो हे नावातच दिसते.

स्नायू, कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा) आणि अस्थिबंध (हाडाला हाडाशी जोडणारा पट्टा) यांतील फरक आकृत्यांसह दाखवणारे एखादे मराठी पुस्तक आपल्याला ठाऊक असल्यास कृपया कळवावे. उपचारांबाबतचा सल्ला आम्ही डॉक्टरांकडूनच घेत आहोत.