सिमेंटमध्ये भरपूर अँटिबायोटिक का घालत नाहीत?

प्रश्न असा, की सांधेरोपणात कृत्रिम सांधा बसवायला जे हाडांचं सिमेंट वापरतात, त्यात संसर्ग टाळायला अँटिबायोटिक मिसळता येतं, तर भरपूर का घालत नाहीत? कारण ते सिमेंट मुळात सांधा हाडात पक्का धरून ठेवायला असतं. सिमेंटच्या ४० ग्रॅम पावडरीत साधारण ग्रॅमभर औषध खपतं. त्यापुढे ताकद घटत जाते. औषधही कुपीतली कोरडी पावडरच हवी, द्रवाने सिमेंट आणखी कमजोर होतं. संसर्ग झालेला सांधा काढून तात्पुरता स्पेसर (सांध्याची जागा राखणारा, त्याच सिमेंटचा ठोकळा) बसवतात, तेव्हा मात्र ३-४ ग्रॅम किंवा जास्तही घालतात. तो पुढे काढायचाच असतो ना!

शिवाय सिमेंट घट्ट होताना चांगलंच तापतं. ती उष्णता सोसणारं औषध लागतं, म्हणून जेंटामायसिन, टोब्रामायसिन, व्हॅन्कोमायसिन.

मला खटकतं ते वेगळंच. पहिले काही दिवस औषध भसाभस बाहेर येतं, सांध्यापाशी शिरेवाटे कधी पोचणार नाही इतकं. नंतर नुसतं झिरपत राहतं, आणि तेवढ्या तुटपुंज्या मात्रेत चिवट जंतूच तगून राहण्याची भीती. म्हणूनच पहिल्या, साध्या सांधेरोपणात हे सरसकट वापरावं का, यावर अजून वाद आहे. जुनाट बायोफिल्म (सांध्यावर चिकटून बसलेला जंतूंचा थर) मात्र सांधा काढून, खरवडून साफ केल्याशिवाय जात नाही, सिमेंट कितीही भारी असो.