ध्यानात चिकाटी कशी टिकवायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. साडेतीन महिने झाले, रोज सकाळी 20 मिनिटं ध्यानाला बसतेय. पद्धत साधीच: श्वास 1 ते 10 मोजायचे, मन भरकटलं की पुन्हा 1 पासून. खरं सांगायचं तर 4 च्या पुढे क्वचितच जाते. कधी थेट 17-18 वर पोचल्यावर लक्षात येतं की दहाला थांबायचंच राहिलं!

सुरुवातीचे पंधरा दिवस नवलाईत गेले. आता पाठ अवघडते, पायाला मुंग्या येतात आणि डोळे किलकिले करून घड्याळ बघणं चालू. गेल्या आठवड्यात तर तीन दिवस दांडीच मारली. अमेरिकेतले ध्यानशिक्षक जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये सुरू केलेला माइंडफुलनेसचा (म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे सजगपणे लक्ष देण्याचा) कार्यक्रम 8 आठवड्यांचा असतो, हे वाचून मी मनाशी तीच मुदत धरली होती. ती कधीच उलटून गेली. शांत वगैरे काही वाटत नाही. हां, नवरा म्हणतो, हल्ली तू पटकन चिडत नाहीस. पण ते ध्यानामुळे की कामाचा ताण कमी झाल्यामुळे, कुणास ठाऊक.

तर नियमित बसणाऱ्यांना विचारायचंय: हा रुक्ष काळ तुम्ही कसा काढला? 10 च मिनिटं, पण न चुकता, असं केलं तर चालेल का? की मोजणं सोडून नुसतं नाकपुड्यांपाशी लक्ष ठेवावं? सारखी पद्धत बदलणंही नको वाटतं. आणि फरक पडतोय हे तुम्हाला नेमकं कशावरून कळलं? "धीर धर" एवढंच नका सांगू, ते मीही स्वतःला रोज सांगते.